जुना लॅपटॉप, साडेतीन हजारांची मर्यादा आणि एसएसडीची निवड

मी घरून डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं लावायचं, काम करते. स्मरणिका, कवितासंग्रह, अधूनमधून कुणाचं आत्मचरित्र, आणि जून लागला की दिवाळी अंकांची पानं. लॅपटॉप २०१७ सालचा आहे: सातव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, कडेला डीव्हीडी ड्राइव्ह. जून २०२५ मध्ये पहिल्या अंकाचा मजकूर आला तेव्हा बटण दाबल्यापासून पानं लावायचा पेजमेकर हाताशी येईपर्यंत आठ-नऊ मिनिटं जात होती. एखादा स्कॅन पानावर बसवला की कर्सर गोल फिरत राहायचा. संपादकांचा फोन यायचा, "ताई, प्रुफं कधी?" आणि मी म्हणायचे, "लॅपटॉप उघडतोय."

घरात आणि घराबाहेर सगळ्यांचा सल्ला एकच: नवा घे. चांगला नवा लॅपटॉप तेव्हा पंचेचाळीस हजारांच्या पुढे होता. अंकांचे पैसे येतात दिवाळीनंतर, काहींचे तर संक्रांतीचे तिळगूळ संपल्यावर. शिवाय माझी निम्मी जुनी कामं पेजमेकर ७ मध्ये आणि श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत. ती सगळी मांडणी नव्या यंत्रावर पुन्हा लावायची, तीही ऐन हंगामात, हा विचारच नको वाटला.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, नवा घ्यायच्या आधी टास्क मॅनेजर उघड आणि परफॉर्मन्समध्ये डिस्कपुढे काय दिसतंय ते सांग." डिस्कपुढे १०० टक्के दिसत होतं. मजा अशी, की शंभर टक्के कामात असलेली ही डिस्क प्रत्यक्षात सेकंदाला दीड-दोन एमबी एवढंच वाचत होती. प्रोसेसर निवांत, पंधरा-वीस टक्क्यांवर.

हे असं का, हे समजून घेतलं आणि पुढची निवड बरीच सोपी झाली, म्हणून थोडं सांगते. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरत असते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्या. हवी ती जागा फिरत वाचणाऱ्या डोक्याखाली यायलाच सरासरी साडेपाच मिलिसेकंद लागतात, आणि डोकं त्या पट्ट्यावर सरकायला आणखी वेळ. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर अशी डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते. पण विंडोज सुरू होणं म्हणजे इकडेतिकडे विखुरलेल्या हजारो बारीक फायली वाचणं. प्रत्येक फाइलसाठी डोकं सरकणार, थांबणार, तबकडी फिरून येणार. एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नाही. तिथे ही वाट पाहणं मिलिसेकंदाच्याही छोट्या अंशावर येतं. म्हणजे जुन्या लॅपटॉपला जो फरक पडतो, तो खोक्यावर छापलेल्या मोठ्या आकड्यामुळे पडत नाही. तो ही वाट पाहणं संपल्यामुळे पडतो, आणि तेवढं तर सगळ्यात स्वस्त खरी एसएसडीसुद्धा करते.

भाच्याने आणखी एक करायला सांगितलं: क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकटचा प्रोग्रॅम उतरवून डिस्कची तब्येत बघ. निळ्या 'गुड'ऐवजी पिवळा 'कॉशन' दिसला. 'करंट पेंडिंग सेक्टर'च्या ओळीत शून्य नव्हतं. म्हणजे डिस्कवरच्या काही जागा वाचताना अडखळत होत्या. मग एसएसडीचं नाव काढण्याआधी बॅकअप. बाहेरची एक हार्ड डिस्क घरात होती, तिच्यावर सगळी कामं उतरवली. चालू अंकांची फोल्डरं गूगल ड्राइव्हवरही टाकली. १५ जीबी फुकट मिळतात, त्यात ती बसली. तुमच्याही डिस्कला पिवळा रंग दिसला तर कुठली एसएसडी घ्यावी याची चर्चा चार दिवस पुढे ढकला आणि आधी हे करा.

आता माझ्या लॅपटॉपला नक्की कुठली एसएसडी बसते? इथे बाजारात जाण्याआधी एक संध्याकाळ घरी बसून घालवली, ती सगळ्यात उपयोगी पडली. लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरवर मालिकेचं नाव असतं आणि त्याखाली बारीक अक्षरात पूर्ण प्रॉडक्ट नंबर असतो. तो नंबर हवा, कारण एकाच नावाच्या मालिकेत पाच-सहा वेगळी आतडी असतात. तो टाकून कंपनीच्या साइटवरून 'मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड'ची पीडीएफ उतरवली. त्यात कुठला स्क्रू कुठे आहे इथपर्यंत चित्रं असतात. माझ्या गाइडमध्ये दिसलं ते असं: अडीच इंची साटा डिस्कची (साटा म्हणजे डिस्क जोडायची जुनी, नेहमीची पद्धत) एक जागा आहे. एम.२ची एक खाच आहे, पण ती वायफायच्या कार्डासाठी. तिथे एसएसडी बसत नाही.

एम.२ या शब्दाने दुकानात फार गोंधळ होतो. एम.२ म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या कार्डाचा आकार. बहुतेक कार्डांवर २२८० लिहिलेलं असतं, म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. त्या आकारात साटाचं कार्डही येतं आणि एनव्हीएमई या नव्या, वेगवान पद्धतीचंही. साटाची कमाल मर्यादा सेकंदाला ६ गिगाबिट, प्रत्यक्षात साधारण ५५० एमबी. एनव्हीएमईच्या तिसऱ्या पिढीतली चांगली कार्डं साडेतीन हजार एमबीपर्यंत जातात, चौथ्या पिढीतली सातहजारी. पण काही लॅपटॉपच्या खाचेत फक्त साटा चालतं, काहींत फक्त एनव्हीएमई. कार्ड आत बसलं म्हणून ते ओळखलं जाईलच असं नाही. गाइडमध्ये हे लिहिलेलं असतं, दुकानदाराला पाठ नसतं.

माझ्यापुरता प्रश्न मिटला: अडीच इंची साटा, ७ मिमी जाडीची. आणि साटा म्हटल्यावर सगळ्या कंपन्या एकाच दाराशी अडतात. क्रूशियल बीएक्स५००, किंग्स्टन ए४००, डब्ल्यूडी ब्लू एसए५१०, सॅमसंग ८७० इव्हो अशी मोठ्या नावांची यादी केली, तर बहुतेकांच्या खोक्यावर वाचनाचा वेग ५०० ते ५६० एमबीच्या दरम्यान. किमती मात्र जवळजवळ दुप्पट अंतरावर. मग फरक कशाचा, हे शोधायला लागले.

एक फरक डीरॅमचा. महागड्या साटा ड्राइव्हमध्ये छोटी स्वतंत्र मेमरी असते, कुठली माहिती कुठल्या चिपवर आहे याचा नकाशा ती सांभाळते. स्वस्त ड्राइव्हमध्ये ती नसते. ८७० इव्होत आहे, बीएक्स५०० आणि ए४०० मध्ये नाही, एसए५१० मध्येही नाही. एनव्हीएमईवाल्या स्वस्त कार्डांना लॅपटॉपच्या रॅममधला थोडा तुकडा उसना घेता येतो, साटाला ती सोय नाही. म्हणजे साटात डीरॅम नसणं थोडं जास्त जाणवतं, पण केव्हा? खूप मोठ्या फायली सतत लिहीत राहिलात तर, किंवा ड्राइव्ह गच्च भरलात तर. स्वस्त एसएसडी सुरुवातीचे काही जीबी झपाट्याने लिहिते, मग तिची ती वेगवान जागा भरते आणि वेग चांगलाच खाली येतो. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना हे बोचेल. माझी अख्ख्या अंकाची छापखान्याला जाणारी पीडीएफ अर्धा जीबी झाली तरी खूप.

दुसरा फरक वॉरंटीचा आणि टीबीडब्ल्यूचा. टीबीडब्ल्यू म्हणजे वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिलेलं कंपनी चालवून घेईल तो आकडा. बीएक्स५०० च्या ५०० जीबीला ३ वर्षं आणि १२० टीबीडब्ल्यू. एसए५१० च्या ५०० जीबीला ५ वर्षं आणि २००. ८७० इव्होच्या ५०० जीबीला ५ वर्षं आणि ३००. १२० आणि ३०० हे आकडे शेजारी ठेवले की पहिला फारच गरीब वाटतो. म्हणून हिशेब केला. मी दिवसाला १० जीबी लिहिलं, आणि तेवढं मी लिहीत नाही, तर १२० टेराबाइट व्हायला १२ हजार दिवस लागतील. जवळजवळ तेहतीस वर्षं. तोवर पेजमेकर वापरणारी बहुधा मीही नसेन. टीबीडब्ल्यूचा विचार तिथेच सोडला.

राहिली क्षमता. माझ्या १ टीबीतले ३१० जीबी भरलेले होते. २४० जीबीचा ड्राइव्ह स्वस्त होता, पण त्यात कोंबाकोंबी झाली असती, आणि भरलेला स्वस्त ड्राइव्ह हीच तर त्याची दुखरी नस. मग ठरवलं: डीरॅमवर पैसे घालायचे नाहीत, जागेवर घालायचे. ५०० जीबी, नावाजलेली कंपनी, पक्कं बिल, मर्यादा साडेतीन हजार. लॅपटॉपच मुळात आठ वर्षांचा. त्याच्या आत महागडा ड्राइव्ह घालून वेग वाढणार नव्हता. उलट लॅपटॉप उद्या गेला तरी अडीच इंची ड्राइव्ह बाहेर काढून यूएसबी केबलने बाहेरची डिस्क म्हणून वापरता येतो, हाही हिशेबात धरला.

मनात एक काटा होता तो विंडोज १०चा. मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर होतं, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. माझा सातव्या पिढीचा. मग या लॅपटॉपवर पैसे का घालायचे? जूनअखेरीस कळलं, की घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेची अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळवता येतील. ३० डॉलर भरून, रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट देऊन, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्जचा बॅकअप जोडला तर पैसे न भरता. पण खरं सांगायचं तर हे कळण्याआधीच मी खर्च करायचं ठरवलं होतं. दोन दिवाळी अंक निघाले तरी वसूल.

बाजारात पहिल्यांदा घराजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे विचारलं. ५१२ जीबी, बसवून, विंडोज टाकून ४,५०० रुपये. खोक्यावरचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. "एक वर्ष आमची वॉरंटी, मॅडम." आणि बिल? "बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा." शिवाय तो विंडोज नव्याने टाकणार होता, म्हणजे माझे फॉन्ट, पेजमेकर, सगळं शून्यापासून. नमस्कार करून बाहेर पडले.

ऑनलाइन बघितलं तर तिथे निराळीच जत्रा. नामवंत कंपन्यांच्या रांगेतच अठराशे रुपयांत १ टीबी, आणि दोन-तीन हजारांत १६ टीबीची बाहेरची एसएसडी! असल्या मालात आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि विंडोजला खोटी क्षमता दाखवायची युक्ती केलेली असते. कार्ड भरलं की पुढच्या फायली नावापुरत्या उरतात, आत काही नसतं. कुणी तुम्हाला अशी भेट दिली असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्रॅम चालवा. तो ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघतो. ऑनलाइनच घ्यायची झाली तर विक्रेत्याचं नाव बघा. ब्रँडच्या नावाखाली 'सोल्ड बाय' म्हणून जो असतो, बिल त्याचं येतं.

पुण्याच्या टिळक रोडवरच्या एका दुकानात फोनवर भाव विचारले. तेव्हा मला मिळालेले भाव असे: ए४०० चा ४८० जीबी २,९००, बीएक्स५०० चा ५०० जीबी ३,१५०, एसए५१० चा ५०० जीबी ३,९५०, आणि ८७० इव्होचा ५०० जीबी पाच हजारांच्या वर. ऑनलाइन दीडशे रुपये कमी दिसत होते, पण दुकानदार म्हणाला, "ताई, काही झालं तर खोकं घेऊन माझ्याकडे या, मी सर्व्हिस सेंटर दाखवतो." दीडशे रुपयांत हे मला परवडलं. बीएक्स५०० ठरला. एसए५१० ची दोन वर्षं जास्तीची वॉरंटी मोहात पाडत होती, पण आठशे रुपये आणि माझी मर्यादा, दोन्हीचा विचार करून सोडला. तुमचा लॅपटॉप २०१७ चा नसेल, निदान पाच वर्षं चालवायचा असेल, तर ते आठशे जरूर घाला.

दुकानात लगेच जाता आलं नाही. २० जूनला दोन्ही पालख्या पुण्यात आल्या, पेठांतले रस्ते बंद, आणि आमच्या वाड्यात वारकऱ्यांची पंगत. २२ ला पालख्या पुढे गेल्या, सोमवारी त्या दुकानातला माल संपलेला, मंगळवारी २४ ला हातात आला. बिल ए-फोर कागदावर घेतलं: मूळ किंमत २,६६९ रुपये ४९ पैसे, त्यावर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी, प्रत्येकी २४० रुपये २५ पैसे. बिलावर ड्राइव्हचा सिरियल नंबर लिहून घ्या, आणि तो खोक्यावरच्या आणि ड्राइव्हवरच्या नंबराशी तिथेच ताडून बघा. बिल गुळगुळीत थर्मल कागदावर मिळालं तर त्याच दिवशी फोटो काढा. तीन वर्षांनी वॉरंटीची गरज पडते तेव्हा त्यावर एक अक्षर उरलेलं नसतं.

तिथून चालत बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेले. साटा ते यूएसबी ३ ची केबल ४५० रुपयांना आणि बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच १८० ला घेतला. केबल घेताना यूएसबी ३ चीच मागा, आतलं टोक निळं असतं बहुधा. अडीच इंची ड्राइव्हला वेगळा अॅडॉप्टर लागत नाही, यूएसबीतून मिळते तेवढी वीज पुरते. गल्लीतल्या दुकानदाराने डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी बसणारी कॅडीही पुढे केली, म्हणजे जुनी हार्ड डिस्कही आतच राहते. कल्पना चांगली आहे. ज्यांची जुनी डिस्क धडधाकट आहे त्यांनी जरूर करावी, फक्त ९.५ की १२.७ मिमी ते डीव्हीडी ड्राइव्ह मोजून ठरवावं. माझी डिस्क पिवळ्या रंगातली, तिला आत ठेवून काय करू?

क्लोन करायचा बेत होता, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर. आधी ३१० जीबींमधून छापून झालेली कामं आणि जुने स्कॅन बाहेरच्या डिस्कवर हलवले, उरले २१० जीबी. ड्राइव्हवर मोकळी जागा राहिलेली बरी, आणि ५०० जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ४६५ च दिसतो. यात फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. मग विंडोजची डिस्क तपासणी चालवली, ती रात्रभर चालली. नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी एक सूचना: 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर क्लोनच्या आधी बंद करा, किंवा निदान त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

शनिवार २८ जूनची सकाळ धरली. गुरुवार मुद्दाम टाळला. पुण्यात गुरुवारी वीज कधी जाईल ते विचारू नये. क्रूशियलच्या साइटवर त्यांच्या ड्राइव्हसाठी अॅक्रोनिसचा क्लोनिंग प्रोग्रॅम तेव्हा फुकट मिळत होता, किंग्स्टन आणि डब्ल्यूडीही आपापल्या ड्राइव्हसोबत असाच देत होत्या. एसएसडी केबलने जोडली, चार्जर लावला, स्लीप बंद केला. प्रोग्रॅम विचारतो: सोर्स डिस्क कुठली, टार्गेट कुठली. इथे उलटं निवडलं तर रिकामी डिस्क तुमच्या भरलेल्या डिस्कवर उतरते. म्हणून नाव आणि क्षमता दोन्ही मोठ्याने वाचली. घरात कुणी नव्हतं, तरी. १ टीबी सोर्स, ४६५ जीबी टार्गेट. मोठ्यावरून छोट्यावर जाताना पार्टिशनं तो प्रोग्रॅम आपोआप आखडतो. पट्टी कधी भराभर सरके, कधी एका जागी दहा मिनिटं बसून राही. त्या अडखळत्या जागा असणार. छातीत धडधड होत होती हे कबूल, बॅकअप असूनही. अडीच तासांनी 'सक्सेसफुल' आलं.

उघडण्याचं काम भाचा रविवारी येऊन करणार होता, पण गाइड समोर होतं, म्हणून मीच बसले. कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि निघेल तो स्क्रू चित्रात त्याच जागी ठेवत गेले. दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले होते, एक डीव्हीडी ड्राइव्ह काढल्यावर दिसला. झाकण सोडवायला जुनं सिमकार्ड वापरलं, लोखंडी काही घालू नका, क्लिपा तुटतात. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. हात आधी खिडकीच्या गजाला लावला, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून. हार्ड डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत चार स्क्रूंनी बसवलेली असते. ती चौकट फेकायची नाही, एसएसडी त्याच चौकटीत बसते. एसएसडी हातात घेतली तर रिकामं खोकं वाटावं इतकी हलकी.

झाकण क्लिपांत पूर्ण दाबण्याआधी एकदा सुरू करून बघा, नाहीतर पुन्हा सगळं सोडवणं आलं. जुनी डिस्क तेव्हा यूएसबीला जोडू नका. दोन्ही डिस्कांची ओळख सारखीच असते आणि विंडोज गोंधळतं. माझ्या बाबतीत काळ्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं आणि मी चष्मा पुसेपर्यंत पासवर्ड विचारत होता. मोजलं तर बटणापासून कामाला लागेपर्यंत पंचवीस-तीस सेकंद. पेजमेकर पाच सेकंदांत. श्रीलिपीचं यूएसबी लॉक ओळखलं गेलं, विंडोजचं अॅक्टिव्हेशन तसंच राहिलं. ते मदरबोर्डाशी जोडलेलं असतं, डिस्कशी नाही. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'च्या खिडकीत आता 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' दिसायला हवं. तिथलं ऑप्टिमाइझ एसएसडीवर ट्रिम, म्हणजे पुसलेल्या जागांची सफाई, करतं, ते राहू द्या. बाहेरून आणलेले डीफ्रॅगचे, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणारे, प्रोग्रॅम मात्र काढून टाका.

एक गोष्ट अडणार हे आधीपासून माहीत होतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचं माझ्याकडे एक सॉफ्टवेअर आहे, त्याच्या परवान्याची किल्ली हार्ड डिस्कच्या क्रमांकाशी बांधलेली. कंपनीला फोन करून ठेवला होता. डिस्क बदलली की सॉफ्टवेअर नवा मशीन कोड दाखवेल, तो पाठवा, सोबत मूळ बिलाची प्रत, डिस्क बदलल्याचं साधं अर्जवजा पत्र, आणि ५०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५९०. मूळ बिल २०१५ चं. ते फायलीत सापडलं ही माझ्या सासऱ्यांची पुण्याई, घरातला प्रत्येक कागद ते भोक पाडून लावायचे. ३० जूनला मेल केली. चार दिवसांनी उत्तर: पत्रावर सही नाही. सही करून स्कॅन पाठवला. आषाढी झाली, मग आठवडाभर शांतता, फोन केल्यावर "साहेब बाहेरगावी आहेत". १६ जुलैला किल्ली आली. तेवढ्या काळात एका लेखकाचा जुना मजकूर रूपांतर करून हवा होता, तो थांबला. अशी सॉफ्टवेअर असतील तर एसएसडी हंगामाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये बदला.

सगळा खर्च ४,३७० रुपये: ड्राइव्ह ३,१५०, केबल ४५०, स्क्रूड्रायव्हर १८०, किल्ली ५९०. रॅम अजून ४ जीबीच आहे आणि ते जाणवतं. ब्राउझरच्या दहा टॅब आणि इनडिझाइन एकत्र उघडले की गाडी जड होते, फक्त आता बंद पडत नाही. रॅम दिवाळीनंतर, पैसे आले तर.

जुनी डिस्क महिनाभर कपाटात ठेवली. काही राहिलं असेल तर हाताशी असावं म्हणून. काही राहिलं नव्हतं. मग केबलला जोडून 'क्विक' ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केली. त्यात विंडोज प्रत्येक जागी शून्य लिहितं, क्विकमध्ये फक्त यादी पुसली जाते. त्या डिस्कवर लोकांची हस्तलिखितं होती, माझं आधार, पॅन, बँकेचे कागद होते. भंगारवाल्याला तशीच द्यायची नाही. ऑगस्टमध्ये ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर दिली, त्यांनी पावती दिली.

आता ओळखीतले फोन येतात, "तू घेतलीस तीच घेऊ का?" मैत्रिणीलाही मी आधी पाठचा नंबर वाचायला लावला. तिचा २०२० चा लॅपटॉप, त्याच्या गाइडमध्ये एम.२ एनव्हीएमईची खाच रिकामी निघाली. तिथे साटा घेण्यात अर्थच नव्हता. ५०० जीबीची साधी तिसऱ्या-चौथ्या पिढीची एनव्हीएमई तेव्हा माझ्या ड्राइव्हपेक्षा दोन-तीनशे रुपयांनीच महाग होती, आणि डीरॅम नसल्याचं तिला दुःखही नाही, कारण ती उसनी मेमरी तिथे चालते. शिवाय जुनी हार्ड डिस्क आतच राहिली, फोटोंसाठी. फक्त कार्ड धरून ठेवणारा बारका स्क्रू लॅपटॉपसोबत आलेलाच नव्हता. तो तपकीर गल्लीत दहा रुपयांना मिळाला, आणि झाकणाचे स्क्रू टॉर्क्स टी-५ निघाले, तेव्हा माझा एकशेऐंशीचा संच कामाला आला.